२४व्या वर्षी लायसन्स, ३३व्या वर्षी विश्वविजेता: उशिरा सुरू करणाऱ्या ग्रॅहम हिलची गोष्ट

मी कार्ट रेसिंग सुरू केलं तेव्हा माझं वय होतं ३१. पहिल्याच हौशी स्पर्धेत माझ्या शेजारी उभा असलेला मुलगा दहावीत होता आणि सहा वर्षांपासून कार्ट चालवत होता. रेस संपली तेव्हा तो माझ्यापेक्षा एक अख्खा लॅप पुढे होता. हेल्मेट काढताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. आपण हे पंधरा-वीस वर्षं उशिरा सुरू केलंय, आता याला काही अर्थ आहे का?

त्या रात्री फोन घेऊन शोधत बसलो की मोठेपणी सुरू करून वर गेलेला एखादा तरी ड्रायव्हर आहे का. सुरुवातीला निराशाच झाली. आयर्टन सेना चार वर्षांचा असताना वडिलांनी बनवलेल्या कार्टमध्ये बसला होता. मायकेल शूमाखरचंही तसंच. आणि मग एक नाव सापडलं: ग्रॅहम हिल. इंग्लंडचा हा माणूस दोनदा फॉर्म्युला वन विश्वविजेता झाला, आणि वयाच्या २४व्या वर्षापर्यंत त्याच्याकडे कार चालवायचं लायसन्ससुद्धा नव्हतं!

हिलला जाऊन आता ५० वर्षं झाली. तरी त्याची गोष्ट मी एका टेक साइटवर सांगतोय, कारण ती मोजमापाची गोष्ट आहे. त्याच्याकडून मी दोन धडे घेतले. एक त्याच्या सवयीतून आणि दुसरा त्याच्या चुकीतून.

मीटर बनवणाऱ्या कंपनीतला पोरगा

ग्रॅहम हिलचा जन्म १५ फेब्रुवारी १९२९ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. घरात रेसिंगचा गंधही नव्हता. हेंडनच्या टेक्निकल कॉलेजात शिकून तो स्मिथ्स या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागला. स्मिथ्स काय बनवायची? गाड्यांचे स्पीडोमीटर, घड्याळं आणि अशीच मोजमापाची उपकरणं. म्हणजे रेसिंगच्या आधी त्याचे हात मोजायला शिकले.

त्या काळात त्याच्याकडे मोटरसायकल होती. तिच्यावर अपघात झाला, डाव्या मांडीचं हाड मोडलं आणि तो पाय कायमचा थोडा आखूड राहिला. पुढे सक्तीच्या लष्करी सेवेत तो नौदलात गेला आणि जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम केलं. त्याची ती प्रसिद्ध मिशी तिथलीच.

त्याचा खरा खेळ होता नौकानयन. लंडन रोइंग क्लबकडून तो वल्हवायचा. पुढे त्याच्या गडद निळ्या हेल्मेटवर जे उभे पांढरे पट्टे दिसायचे ते याच क्लबच्या वल्ह्यांचे.

पाच शिलिंगला एक लॅप

१९५३ साली हिलने कारचं लायसन्स काढलं आणि एक जुनी, खटारा मॉरिस घेतली. त्याच सुमारास त्याला एक जाहिरात दिसली. ब्रँड्स हॅच नावाच्या सर्किटवर एक क्लब रेसिंग कार चालवायला देत होता, एका लॅपला पाच शिलिंग. एक पौंड म्हणजे तेव्हा वीस शिलिंग. हिलने एक पौंड मोजला आणि चार लॅप मारले.

आज आपण एखाद्या ट्रॅकवर जातो, काउंटरवर पैसे भरतो आणि दहा मिनिटांचं कार्ट सेशन घेतो. अगदी तोच प्रकार! फरक इतकाच की बहुतेक जण सेल्फी काढून घरी जातात. हिल घरी गेला तो डोक्यात किडा घेऊनच.

पुन्हा पुन्हा लॅप विकत घ्यायला पैसे नव्हते. मग त्याने डोकं चालवलं. रेसिंग शिकवणाऱ्या शाळेच्या गाड्या मी दुरुस्त करतो, बदल्यात मला चालवायला द्या, असा सौदा त्याने केला. त्यासाठी चांगली नोकरी सोडली आणि काही काळ बेकारभत्त्यावर काढला. एप्रिल १९५४ मध्ये, २५ वर्षांचा असताना, तो आयुष्यातली पहिली रेस धावला.

त्याची पहिली गाडी आणि आपलं कार्ट

हिलने ते चार लॅप ज्या गाडीत मारले ती होती कूपर ५००. कार्ट चालवणाऱ्याने ही गाडी समजून घेतलीच पाहिजे, कारण कल्पना जवळपास सारखीच आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये पैसा नव्हता, पेट्रोलवर रेशन होतं. चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी १९४६ साली छोट्या फियाट गाड्यांचे पुढचे दोन भाग मागे-पुढे जोडून एक हलकी गाडी बनवली आणि तिला मोटरसायकलचं ५०० सीसी इंजिन लावलं. मोटरसायकलचं इंजिन चाकाला ताकद देतं ती चेनने. म्हणून चेन छोटी राहावी यासाठी त्यांनी इंजिन ड्रायव्हरच्या मागे, मागच्या चाकांजवळ बसवलं. निव्वळ सोय म्हणून केलेली ही मांडणी इतकी चांगली निघाली की १९५९ आणि १९६० चं फॉर्म्युला वन विजेतेपद मागे इंजिन असलेल्या कूपरने जिंकलं. आजही एफ वन गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या मागेच असतं.

कार्टचा जन्म त्यानंतरचा. १९५६ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसिंग कार बनवणाऱ्या कारागिराने लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं. पुन्हा तेच: हलका सांगाडा, छोटं इंजिन, चेन, आणि खर्च खिशाला झेपेल इतका.

कार्टमध्ये दोन गोष्टी नसतात: सस्पेन्शन आणि डिफरन्शियल. डिफरन्शियलमुळे आपल्या कारची मागची दोन चाकं वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर असतात, त्यामुळे ती एकाच वेगाने फिरतात. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. मग कार्ट वळणार कसं?

उपाय भारी आहे. स्टीअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि सांगाडा किंचित पिळून आतलं मागचं चाक जमिनीवरून क्षणभर उचललं जातं. त्या क्षणी कार्ट तीन चाकांवर वळतं. नवशिका हळूच, घाबरत स्टीअरिंग फिरवतो. चाक उचललं जात नाही, कार्ट सरळ घसरायला बघतं आणि वेग मरतो. पहिले तीन महिने मी नेमकं हेच करत होतो आणि दोष इंजिनाला देत होतो.

मेकॅनिक म्हणून आत, ड्रायव्हर म्हणून बाहेर

१९५४ मध्येच ब्रँड्स हॅचहून लंडनला परतताना हिलला कॉलिन चॅपमनच्या गाडीत जागा मिळाली. चॅपमन म्हणजे नुकत्याच उभ्या राहत असलेल्या लोटस कंपनीचा संस्थापक. प्रवास संपेपर्यंत हिलने त्याच्याकडे काम मिळवलं. काम मेकॅनिकचं, पगार दिवसाला एक पौंड. गिअरबॉक्स खोलत, जोडत, मधूनमधून मला चालवू द्या म्हणून मागे लागत त्याने चार वर्षं काढली. १८ मे १९५८ रोजी मोनॅकोमध्ये तो पहिली फॉर्म्युला वन रेस धावला, वय २९. त्या रेसमध्ये त्याच्या गाडीचं चाकच निखळलं!

१९६० मध्ये तो बीआरएम या टीमकडे गेला. ही टीम वर्षानुवर्षं मोठी स्वप्नं बघून हरत आली होती. १९६२ साली मालकाने निर्वाणीचा इशारा दिला होता की यंदा जिंका, नाहीतर दुकान बंद. त्याच वर्षी हॉलंडमध्ये हिलने पहिली ग्रां प्री जिंकली. विजेतेपदाचा निकाल लागायचा होता २९ डिसेंबर १९६२ रोजी, दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन गावात. तिथे जिम क्लार्क आघाडीवर होता. क्लार्क म्हणजे जन्मजात प्रतिभा. पण त्याच्या इंजिनातून तेल गळायला लागलं, त्याला थांबावं लागलं आणि हिल विश्वविजेता झाला. लायसन्स काढून दहा वर्षंही झाली नव्हती.

ती वही

हिल नैसर्गिक प्रतिभेचा ड्रायव्हर मानला जात नव्हता. क्लार्क कोणत्याही गाडीत बसून लगेच वेगात जायचा, हिलला वेळ लागायचा. मग तो टिकला कशावर? वहीवर.

प्रत्येक सर्किटवर गाडी कशी लावली होती, स्प्रिंग कोणत्या, टायरमध्ये हवा किती, अँटी-रोल बार केवढा, आणि त्याचा परिणाम काय झाला, हे सगळं तो लिहून ठेवायचा. पुढच्या वर्षी त्याच सर्किटवर आला की वही उघडायचा. त्याच्या सततच्या बारीक फेरफारांनी मेकॅनिक लोक वैतागायचे. पण मोनॅकोसारख्या सर्किटवर, जिथे भिंती दोन्ही बाजूंनी अंगावर येतात आणि एक चूक म्हणजे रेस संपली, तिथे हा माणूस पाच वेळा जिंकला: १९६३, १९६४, १९६५, १९६८ आणि १९६९.

आज आपण ज्याला टेलिमेट्री म्हणतो, म्हणजे गाडीवरच्या सेन्सरने माहिती गोळा करून पिटमध्ये पाठवणं, ते काम हा माणूस पेन्सिलने करत होता.

तुमच्या फोनवर हीच वही

हे वाचल्यावर मी जोशात एक लॅप टायमर अॅप घेतलं. तिथे एक गोष्ट कळली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल.

साधारण फोनचं जीपीएस सेकंदाला एकदा जागा नोंदवतं. कार्ट ताशी ५० किलोमीटरने धावत असेल तर एका सेकंदात ते जवळपास १४ मीटर पुढे जातं. म्हणजे एक नोंद वळणाच्या तोंडाशी आणि पुढची वळण संपताना! ब्रेक कुठे दाबला हे अशा नोंदीतून कळणारच नाही. सेकंदाला दहा नोंदी घेणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर मिळतो, त्यात हे अंतर १.४ मीटरवर येतं. फोनचा अॅक्सेलरोमीटर मात्र सेकंदाला शंभरच्या आसपास नोंदी घेऊ शकतो, त्यामुळे झटका कधी बसला हे तो बरं सांगतो.

अचूक लॅप टाइम हवा असेल तर ट्रॅकचाच घ्या. कार्टवर ट्रान्सपाँडर असतो, फिनिश लाइनखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. कार्ट वरून गेलं की वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाते. आणि हो, फोन हातात किंवा उघड्या खिशात ठेवून कधीच चालवू नका.

पण सगळ्यात जास्त फायदा झाला तो साध्या नोट्स अॅपचा. प्रत्येक सेशननंतर, पाणी प्यायच्या आधी, मी पाच ओळी लिहितो: तारीख आणि ऊन-पाऊस, कार्टचा नंबर, सर्वात चांगला लॅप, सर्वात वाईट वळण, आणि आज बदललेली एकच गोष्ट. एकच, कारण एकदम तीन गोष्टी बदलल्या तर फायदा कशाने झाला ते कळत नाही. कार्टचा नंबर महत्त्वाचा, कारण भाड्याची दोन कार्ट कधीच सारखी नसतात.

सहा महिन्यांत माझा लॅप ४८.३ सेकंदांवरून ४६.१ वर आला. तो दहावीतला मुलगा (आता अकरावीत आहे) अजूनही माझ्या पुढेच असतो. पण आता लॅप टाकून जात नाही.

१९६८: मित्र गेल्यावर

१९६७ मध्ये हिल पुन्हा लोटसकडे आला, क्लार्कचा जोडीदार म्हणून. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकेनहाइमला क्लार्कचा अपघाती मृत्यू झाला. सगळी टीम कोसळली. पुढच्याच महिन्यात स्पेनची ग्रां प्री होती. हिल ती जिंकला. दोन आठवड्यांनी मोनॅकोही जिंकला. वर्षाअखेर मेक्सिकोत तो दुसऱ्यांदा विश्वविजेता झाला, वय ३९. मला त्याच्या सगळ्या यशात हे सर्वात मोठं वाटतं.

मधल्या काळात १९६६ मध्ये त्याने अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० जिंकली होती. १९७२ मध्ये, ४३व्या वर्षी, हेन्री पेस्कारोलोबरोबर त्याने ल मांसची २४ तासांची रेस जिंकली. फॉर्म्युला वनचं विजेतेपद, इंडी आणि ल मांस हे तिन्ही मिळवणारा तो आजपर्यंतचा एकमेव ड्रायव्हर आहे.

एक बेल्ट

आता दुसरा धडा. ऑक्टोबर १९६९, अमेरिकेतलं वॉटकिन्स ग्लेन सर्किट. हिलची गाडी घसरून फिरली आणि बंद पडली. तो उतरला, गाडी ढकलून चालू केली आणि पुन्हा आत बसला. पण सीटबेल्ट एकट्याने लावता येईना. तो तसाच निघाला. थोड्या वेळात टायर गेला, गाडी उलटली आणि हिल बाहेर फेकला गेला. दोन्ही पाय मोडले.

पाच महिन्यांनी, मार्च १९७० मध्ये, तो दक्षिण आफ्रिकेत पुन्हा ग्रिडवर उभा होता आणि सहावा आला. लोकांनी हिंमतीचं कौतुक केलं, ते योग्यच. पण मला ती न लागलेली बकल दिसत राहते. स्प्रिंगची नोंद ठेवणारा माणूसही घाईत एक पायरी सोडून देऊ शकतो.

(एक खुलासा: स्पर्धेच्या कार्टमध्ये बेल्ट नसतोच. डोक्यावर पिंजरा नसल्याने उलटलेल्या कार्टला बांधलेलं असणं जास्त धोक्याचं. भाड्याच्या कार्टमध्ये मात्र अनेक ठिकाणी बेल्ट असतो. असेल तर लावायचाच.)

२९ नोव्हेंबर १९७५

पुढे हिलने स्वतःची टीम काढली. १९७५ मध्ये ज्या मोनॅकोत तो पाचदा जिंकला होता तिथे तो पात्रही ठरू शकला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने निवृत्ती घेतली आणि तरुण ड्रायव्हर टोनी ब्राइसला पुढे आणलं.

इंडीच्या बक्षिसातून घेतलेलं एक छोटं विमान हिल स्वतः चालवायचा. २९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी फ्रान्समधली चाचणी संपवून तो टीमसह परतत होता. लंडनजवळ एल्स्ट्री विमानतळावर दाट धुकं होतं. उतरायच्या प्रयत्नात विमान जवळच्या आर्कली गोल्फ कोर्सवर कोसळलं. हिल, ब्राइस आणि टीमचे चार जण, सहाही जण गेले. हिल ४६ वर्षांचा होता, ब्राइस २३ चा.

नंतर चौकशीत कळलं की विमानाची नोंदणी वैध नव्हती आणि धुक्यात उपकरणांवर उडण्यासाठी लागणाऱ्या हिलच्या परवानग्यांची मुदत संपलेली होती. अपघात कागदांमुळे झाला असं कोणी म्हणत नाही. पण त्या कागदांमुळे विमा लागू झाला नाही. बाकीच्या कुटुंबांनाही भरपाई हवी होती, आणि तो हक्कच होता त्यांचा. हिलच्या पत्नीवर आर्थिक डोंगर कोसळला. १५ वर्षांचा मुलगा डेमन पुढे मोटरसायकलवरून कुरिअर पोहोचवून पैसे मिळवत होता.

हाच डेमन हिल ३१व्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये आला आणि १९९६ मध्ये विश्वविजेता झाला. त्याच्या हेल्मेटवर तेच निळं-पांढरं वल्ह्यांचं चित्र होतं. विश्वविजेत्या बाप-लेकाची ती पहिली जोडी.

मी काय बदललं

हे सगळं वाचून झाल्यावर मी एक काम केलं. प्रत्येक वेळी न वाचता सही करत होतो तो ट्रॅकचा फॉर्म नीट वाचला. मग माझ्या पॉलिसीची पीडीएफ उघडली. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात व्यावसायिक म्हणून मोटर रेसिंग करताना झालेल्या दुखापतीचा खर्च सहसा वगळलेला असतो. वैयक्तिक अपघात विम्याची भाषा कंपनीगणिक बदलते, काही ठिकाणी हौशी स्पर्धाही वगळलेल्या असतात. माझ्या अपघात विम्यात तसंच निघालं. म्हणजे वर्षभर मी घरच्यांना विमा आहे असं सांगत होतो आणि ट्रॅकवर तो नव्हता. आता स्पर्धेसाठी वेगळं कव्हर घेतलंय आणि ते बायकोला दाखवलंय.

तुम्हीही राष्ट्रीय पातळीवर उतरायचा विचार करत असाल तर एफएमएससीआय या महासंघाचं लायसन्स लागतं. त्याची मुदत कधी संपते ते आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, महिनाभर आधीच्या रिमाइंडरसह.

माझ्या नोट्समध्ये आता पाचऐवजी सहा ओळी असतात. सहावी ओळ रेसच्या आधी लिहायची: हेल्मेट, बेल्ट, कागद. ती लिहायला दहा सेकंद लागतात. ती लिहिली नसेल त्या दिवशी मी ट्रॅकवर उतरत नाही.